खालच्या दोऱ्याची चौकशी

साहेब बायकोच्या शिलाई मशीनसमोर बसले आणि सगळ्यात आधी त्यांना खटकला तो मशीनचा पाय. सुईपाशी कापड दाबून धरणारा तो लहानसा पोलादी पाय वर उचललेला होता. साहेबांनी उभ्या नोकरीत एक गोष्ट कधी खपवून घेतली नव्हती, ती म्हणजे कामाच्या जागी पाय वर करून बसणं. त्यांनी मागची दांडी खाली केली, पाय खट्‌कन खाली टेकला आणि मशीनला शिस्त लागली. मग चष्मा पुसून, रिळाचा दोरा या हुकातून त्या हुकात, ताणाच्या चकतीवरून खाली, असा एकेक टप्पा घेत त्यांनी सुईपर्यंत आणला. पहिल्याच प्रयत्नात तो नेढ्यात गेला. साहेबांनी मान वळवून पाहिलं, पण कौतुक करायला खोलीत कोणी नव्हतं.

साहेबांना निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. साहेबपण मात्र अजून निवृत्त व्हायला तयार नव्हतं. कार्यालयात ते एका विभागाचे प्रमुख होते, म्हणजे काम करायचे नाहीत, कामावर लक्ष ठेवायचे. घरीही तोच शिरस्ता. गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातला दिवा गेला, तेव्हा बायको स्टुलावर चढली आणि साहेब शेजारी हाताची घडी घालून "डावीकडे फिरव, आणखी डावीकडे" असं मार्गदर्शन करत उभे राहिले. मार्गदर्शन अगदी अचूक होतं. स्टूल कोणी धरायचं, एवढंच ठरायचं राहून गेलं. बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, घोटा सुजून टम्म झाला, आणि दिवा मात्र लागला. हे शेवटचं साहेब भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून सांगत.

पण त्या हातावर बरंच काही अवलंबून होतं. बायकोने आजवर घरच्यांचेच कपडे शिवले होते. आता पहिल्यांदा तिला बाहेरचं काम मिळालं होतं. बाजारात नवी बेकरी उघडत होती, आणि तिथल्या माणसांसाठी एप्रन शिवायचे होते. जाड पांढऱ्या कापडाचे, हिरव्या काठाचे. ते पसंत पडले तर बेकरीशेजारच्या चहाघराचे टेबलक्लॉथ, पडदे, गाद्यांचे अभ्रे, सगळं तिच्याकडेच यायचं होतं. हे पक्कं होईपर्यंत तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले होते, "विरंगुळा म्हणून ठीक आहे."

हात मोडला तेव्हा ती रडली नाही. आज सकाळी तपासणीत डॉक्टरांनी आणखी महिनाभर हात हलवायचा नाही म्हटल्यावर मात्र रिक्षात घरी येईपर्यंत तिचे डोळे थांबेनात. एप्रन बहुतेक होत आले होते, थोडेच उरले होते, आणि बेकरीवाल्या बाई आज संध्याकाळी न्यायला येणार होत्या. साहेबांना ते रडणं बघवलं नाही. काही बघवेनासं झालं की मोठे अधिकारी जे करतात तेच त्यांनी केलं. त्यांनी घोषणा केली.

"उरलेले मी शिवतो."

"तुम्ही?" बायको पलंगावरून म्हणाली. "अहो, निदान दोरा कसा घालायचा ते तरी बघा माझ्याकडून."

"सरळ रेषेत कापड ढकलायचं, त्यात काय एवढं? मी अख्खा विभाग चालवलाय."

"मशीनला विभाग माहीत नाही हो."

"तू पडून राहा," साहेब म्हणाले आणि खोलीचं दार ओढून घेऊन आले.

तर पहिला एप्रन सुरू झाला. मशीन धडधडत निघालं, कापड पुढे सरकलं, आणि वरच्या बाजूने पाहावं तर टाके कसे ओळीत, कवायतीला उभे केल्यासारखे. साहेबांना आपल्या हाताचं फार कौतुक वाटलं. वरचं पान पाहून सही करायची त्यांची जुनी सवय होती, त्यामुळे एप्रन उलटून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटी कापड काढायला गेले तर ते निघेना. जोर लावून ओढलं, तेव्हा खालून दोऱ्यांचा हा एवढा झुबका बाहेर आला. वेटोळीच वेटोळी, गाठीच गाठी. एखाद्या पाखराने तिथे घरटं बांधलं असतं तर ते याहून नीटनेटकं झालं असतं.

साहेबांनी कापड उलटं केलं, सुलटं केलं, परत उलटं केलं. वर सगळं ठीक. खाली सगळा गोंधळ. कोणालाही प्रश्न पडला असता, पण साहेबांना पडला नाही, कारण या परिस्थितीशी त्यांचा तीस वर्षांचा परिचय होता. खाली गोंधळ दिसतोय म्हणजे तो खालच्याने घातलेला आहे. मशीनच्या पोटात, पट्टीखालच्या डबीत, एक बॉबिन बसलेली असते. शिवणीचा खालचा दोरा तिच्यातून येतो. दिवसभर अंधारात असते, कोणाच्या नजरेला पडत नाही. अशा जागी बसणारा माणूस काय काय करतो, हे साहेब जाणून होते.

तो पहिला एप्रन त्यांनी चांगली बाजू वर येईल अशी घडी घालून तयार एप्रनांच्या ढिगात अगदी तळाशी सारला. अडचणीचं प्रकरण ढिगाच्या तळाशी ठेवायचं आणि पुढे बघू म्हणायचं, ही त्यांची जुनी कार्यपद्धती. पुढे ते बघणं राहून जायचं, हाही त्याच पद्धतीचा भाग.

एवढ्यात होयबा आले. होयबा म्हणजे साहेबांच्या हाताखालचे हेडक्लार्क. हे नाव त्यांना कार्यालयाने दिलं होतं आणि ते त्यांनी निष्ठेने सार्थ केलं होतं. साहेबांबरोबरच ते निवृत्त झाले, खालच्याच मजल्यावर राहत, आणि रोज वर्तमानपत्र वाचायला वर येत. स्वतःचं वर्तमानपत्र त्यांना परवडत नव्हतं असं नाही, पण साहेबांनी बातमीवर मत दिल्याशिवाय आपण त्या बातमीशी सहमत आहोत की नाही हे त्यांना कळत नसे.

साहेबांनी प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं. होयबांनी तो गुंता डोळे बारीक करून पाहिला आणि गंभीरपणे मान हलवली.

"खालच्याचं काम दिसतंय," साहेब म्हणाले.

"मीही हेच म्हणणार होतो साहेब."

मग रीतसर चौकशी सुरू झाली. पहिली बॉबिन काढून दुसरी बसवली. गुंता कायम. दुसरीची बदली करून तिसरी आणली, ती तर पहिलीपेक्षा वाईट निघाली. साहेबांच्या मते सगळ्या एकमेकींना सामील होत्या. डब्यातल्या जेवढ्या बॉबिना होत्या तेवढ्या आत जाऊन, घरटं बांधून, कलंकित होऊन परत आल्या. होयबा प्रत्येकीला टेबलाच्या कडेला ओळीने मांडत होते.

आतून बायकोचा आवाज आला. "अहो, मशीनचा आवाज वेगळा येतोय. वरचा दोरा बघा जरा."

हे साहेबांना लागलं. वरचा दोरा त्यांनी स्वतःच्या हाताने ओवला होता. समोर, उजेडात, ताठ उभा होता, चमकत होता. अशा दोऱ्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय? तरी पक्षपात झाला असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी वरच्या ताणाची चकती थोडी घट्ट फिरवून पाहिली. शिवणीत काडीचा फरक पडला नाही. सैल केली, तरी नाही. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली, तरी खालचं घरटं जसंच्या तसं.

"बघितलंत?" साहेब विजयाने म्हणाले. "वर काहीही केलं तरी फरक पडत नाही. म्हणजे वरच्याचा यात काही संबंध नाही."

"अगदी निर्विवाद," होयबा म्हणाले.

वर काहीही फिरवलं तरी काहीच कसं होत नाही, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडला नाही. दोघांची सगळी नोकरी अशाच कार्यालयात गेली होती.

आता खालच्याला जरा आवळायला हवा होता. बॉबिनच्या डबीला एक चिमुकला स्क्रू असतो, तो पिळला की खालच्या दोऱ्याचा ताण वाढतो. साहेबांनी चष्मा दुरुस्त करायचा बारका पेचकस घेतला आणि पिळायला सुरुवात केली. थोडा पिळला, गुंता गेला नाही. आणखी पिळला. मग कोणत्या बाजूला पिळायचं यावर त्यांचं मत बदललं आणि ते उलट फिरवू लागले. फिरवता फिरवता तो मोहरीएवढा स्क्रू उडाला आणि टण्‌ असा आवाज करून कुठेतरी नाहीसा झाला.

साहेबांनी अंदाज वर्तवला की तो कपाटाखाली गेला. दोघे जमिनीवर आडवे झाले. कपाटाखालून एक कंगवा, एक वाळकं लिंबू आणि साहेबांनीच मागच्या वर्षी हरवलेली किल्ली निघाली, ज्या किल्लीसाठी त्यांनी बायकोला दोन दिवस बोल लावला होता. किल्ली त्यांनी गुपचूप खिशात टाकली. मग कपाट सरकवलं. कपाट सरकवताना वरची फुलदाणी पडली. आतून बायकोने काय पडलं म्हणून विचारलं, तर साहेबांनी "चौकशी चालू आहे" एवढंच कळवलं. दुपार कलायला लागली होती, आणि न शिवलेले एप्रन होते तिथेच होते. साहेब थकून स्टुलावर बसले, हो, त्याच स्टुलावर, आणि पँटची दुमड झटकली, तर तो स्क्रू टुणकन जमिनीवर पडला.

होयबांच्या चेहऱ्यावर आश्चर्य असं काही दिसलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"पडतानाच दिसला होता साहेब. तुमच्या पँटमध्ये."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कपाटाखाली शोधत होता ना," होयबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपत होता.

शेवटचा उपाय म्हणून साहेबांनी स्क्रू जागेवर बसवून करकचून आवळला आणि खाली भक्कम माणूस नेमायचं ठरवलं. पिशव्या शिवायचा जाडजूड दोरा त्यांनी बॉबिनवर ठासून गुंडाळला, डबीत कोंबला, आणि मशीन पूर्ण वेगाने सोडलं. मशीनने आधी कुरकुर केली, मग घशात काही अडकल्यासारखा आवाज काढला, आणि कट्‌कन सुई मोडली. तिचं टोक साहेबांच्या चष्म्यावर आपटून खाली पडलं.

दार उघडलं. बायको भिंतीला धरून, एका पायावर लंगडत बाहेर आली. सरकवलेलं कपाट, फुटलेली फुलदाणी, ओळीने मांडलेल्या बॉबिना आणि आपली मोडकी सुई, हे सगळं तिने नजरेखालून घातलं. ती ओरडली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई यायची वेळ होत आली हो."

साहेबांचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एका प्रश्नाचं उत्तर खरोखर हवं होतं. "कुठे चुकलं?" त्यांनी विचारलं.

बायकोने मागची दांडी बघितली. मशीनचा पाय खालीच टेकलेला होता. तिने डाव्या हाताने वरचा दोरा धरून ओढला तर तो सरसरत, कुठेही न अडता, अख्खा हातात आला.

"पाय खाली ठेवून दोरा घातलात ना? पाय खाली असला की या ताणाच्या चकत्या मिटून जातात. दोरा आत बसतच नाही, वरून नुसता लोंबतो. मग तुम्ही आकडे कितीही फिरवा."

"पण गुंता तर खाली होतोय."

"दिसतो खाली. वरचा काही धरतच नाही, मोकळा सुटलाय, तो सगळा खाली जाऊन पडतो. खालचीचं काय चुकलंय? ती बिचारी आपलं काम करतेय."

होयबांना अचानक खोकला आला. ढास बरीच जुनी असावी, कारण ती लवकर थांबेना. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावर ओळीने मांडलेल्या त्या बॉबिनांकडे पाहिलं.

पुढचा वेळ कसा गेला ते कळलं नाही. बायको शेजारी खुर्चीवर बसून सांगत होती, साहेब शिवत होते आणि होयबा बिघडलेल्या शिवणी उसवत होते. नवी सुई बसली. डबीचा ताण कसा बघायचा तेही तिने दाखवलं. दोऱ्याला धरून डबी लोंबकळत सोडायची, हाताला हलका झटका द्यायचा. थोडी खाली सरकून थांबली तर ठीक, भसकन खाली गेली तर सैल, जागची हललीच नाही तर आवळलेली. साहेबांनी आवळलेली डबी अर्थातच जागची हलली नाही. त्यांनी तिला विचारत विचारत स्क्रू सैल केला. मग मशीन मऊ आवाजात चालू लागलं. वरची शिवण सरळ आली. साहेबांनी ती बघितली आणि कोणी न सांगता कापड उलटून खालचीही बघितली.

शेवटचा बंद शिवून होतो न होतो तोच बेकरीवाल्या बाई आल्या. खणखणीत बाई होत्या. खुर्चीवर टेकल्याही नाहीत. ढिगातला वरचा एप्रन त्यांनी बाजूला ठेवला, मधले उचलून बाजूला केले, आणि थेट तळाशी हात घातला.

"पाव कधी वरून बघू नये," त्या म्हणाल्या. "वरून सगळेच छान असतात. भट्टीत जळतो तो खालून."

आणि त्यांनी तो एप्रन उलटा केला.

गुंता जसाच्या तसा होता. सकाळपासून तळाशी दबून तो उलट चांगला इस्त्री केल्यासारखा बसला होता. बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिला या एप्रनची कल्पनाच नव्हती. बाईंनी तो दोऱ्यांचा झुबका दोन बोटांत धरला आणि सगळ्यांकडे बघितलं.

"हा कोणी शिवलाय?"

"माझ्याकडून झालं, बाई," होयबा चट्‌कन उभे राहून म्हणाले. "नजरचूक. पुन्हा होणार नाही."

आता होयबांनी त्या दिवशी एक टाका घातला नव्हता. पण हे वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की प्रश्न संपायच्या आत ते बाहेर पडलं. साहेबांनीही ते आजवर कितीतरी वेळा ऐकलं होतं, आणि दर वेळी ते ऐकून त्यांना हायसं वाटलं होतं. आज वाटलं नाही. आज ते वाक्य त्यांना कानफटात बसल्यासारखं लागलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. सगळं काम आता हातचं जाणार, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"त्यांनी नाही," साहेब म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण बराच बारीक. "मी शिवला. आणि तळाशी मीच लपवला. हिला माहीत नव्हतं."

बाईंनी साहेबांना नखशिखांत न्याहाळलं. केसांना चिकटलेले दोऱ्याचे तुकडे, चष्म्यावर ओरखडा, पँटला कपाटाखालची धूळ. मग त्या बायकोकडे वळल्या. "नवीन माणूस ठेवलात वाटतं?"

बायको प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवून म्हणाली, "हो. आजच लागलेत हाताखाली. पण त्यांना बोलू नका. काम मी घेतलंय, तेव्हा चूक माझी. देण्याआधी मीच उलटून बघायला हवा होता. उद्या सकाळी नीट करून पाठवते."

साहेब तिच्याकडे बघतच राहिले. वरच्या माणसाने खालच्याची चूक आपल्या अंगावर घेतलेली त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. निदान ते वर असताना तरी नाही. आणि ती हे बोलली, तर छत कोसळलं नाही, खुर्ची गेली नाही, काहीच झालं नाही. उलट बाई हसल्या.

"माझ्याकडे भट्टीवर नवा माणूस आला की पहिली खेप अशीच जाते," त्या म्हणाल्या आणि बाकीचे एप्रन एकेक उलटून बघत पिशवीत भरू लागल्या. "हात बरा झाला की चहाघरात मापं घ्यायला या. टेबलक्लॉथ तुमच्याकडेच. मात्र यांना इतक्यात शिवायला बसवू नका. आधी थोडे दिवस बॉबिना भरू देत."

दुसऱ्या दिवशी सकाळी होयबा नेहमीप्रमाणे वर्तमानपत्र वाचायला आले, तेव्हा साहेब मशीनपाशी बसून बॉबिना भरत होते. होयबांनी वर्तमानपत्र उघडलं, पहिल्या पानामागून थोडा वेळ बघत राहिले, घसा खाकरला, परत वाचू लागले, परत खाकरला. शेवटी त्यांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली.

"साहेब, ती जरा सैल भरली जातेय."

साहेबांचा हात थांबला. होयबांनी वर्तमानपत्र नाकापर्यंत वर घेतलं. साहेबांनी बॉबिन चिमटीत धरून दाबली. दोरा बोटाखाली खरंच ढिला लागत होता. त्यांनी तो सगळा उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतला. बॉबिन घट्ट भरली, डबीत बसली, मग त्यांनी वरचा दोरा हातात घेतला.

"पाय वर आहे ना?" बायकोने आतून विचारलं.

साहेबांनी वाकून, नीट खात्री करून घेतली. मशीनचा पाय वर होता.

"होय," ते अदबीने म्हणाले. "मी तेच बघत होतो."

होयबांनी वर्तमानपत्र हळूच खाली केलं. तो सूर त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.